शिक्षेआधी काही सांगायचंय?

मा. संपादक, स.न.

टिळक जयंतीचा तुमचा लेख छानच होता, पण त्यात १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना शिक्षा देणारे न्या. दावर नेहमीसारखे एका ओळीत व्हिलन होऊन गेले म्हणून हे पत्र. मी कोर्टात स्टेनो होतो, २९ वर्षं, त्यामुळे मला आरोपीइतकंच खुर्चीवरच्या माणसाचं पण कुतूहल.

हे दिनशा दावर म्हणजे १८९७ च्या राजद्रोहाच्या केसमध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर, आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी तो जामीन दिला पण. अकरा वर्षांनी तेच दावर हायकोर्टात जज, समोर तेच टिळक, जामीन मागायला यावेळी जिना, आणि अर्ज नामंजूर. वकील जज झाला की जुना पक्षकार विसरायचा हे मान्य, पण आपण स्वतः केलेलं आर्ग्युमेंट पण विसरायचं का?

२२ जुलै १९०८ ला ज्युरीने ७ विरुद्ध २ ने दोषी ठरवलं. शिक्षेआधी काही सांगायचंय का असं विचारलं, टिळक दोन-चार वाक्यं बोलले (तीच हायकोर्टातल्या त्या संगमरवरी पाटीवर आहेत, १९५६ साली तेव्हाचे मुख्य न्यायाधीश छागला साहेबांनी अनावरण केलं), आणि लगेच त्याच बैठकीत शिक्षा, दोन आरोपांची तीन-तीन वर्षं काळं पाणी तेही एकापाठोपाठ एक, वर हजार रुपये दंड. वयाचा विचार केलाय असंही दावर म्हणाले, रात्रीचे दहा वाजत आले होते आणि उजाडलं की टिळकांना ५२ पूर्ण होणार होती.

आता तर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून शिक्षेवर आरोपीचं ऐकणं बंधनकारकच आहे, आधी कलम २३५(२), नवीन संहितेत २५८. पण मी काय टाइप केलं सांगू? "आरोपी म्हणतो की घरी म्हातारी आई आहे, लहान मुलं आहेत, तरी दया करावी." वर्षानुवर्षं हेच, नाव तेवढं बदलायचं. एकदा एका पोराला साहेबांनी विचारलं शिक्षेबद्दल काही सांगायचंय का, तो म्हणाला "म्हणजे मी सुटलो का?" वकील गालातल्या गालात हसले, मी पण हसलो, आणि कागदावर आईच आली. त्याला आई होती का हे कुणी विचारलंच नाही. सात वर्षांची शिक्षा लागली.

फाशीच्या केसेसमध्ये आरोपीची घरची परिस्थिती, मानसिक अवस्था, तुरुंगातली वागणूक याचे रिपोर्ट मागवा असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. बोर्डावर (कोर्टाच्या रोजच्या यादीत) किती केसेस असतात ते मला माहितीये, जजला पण घर असतं, पण सात-दहा वर्षांच्या शिक्षेआधी निदान आठ दिवसांची तारीख तरी द्या ना साहेब, बाकी फालतू कारणांना देताच की.

- एक निवृत्त स्टेनो, पुणे