अनंताची कलमं बंद गाडीत मारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : सांगली ते पुणे वाहतुकीत 14 कुंड्यांची नासाडी

आत्ताच तुमच्या कार्यालयाचा पाचवा फोन ठेवला, म्हणून हे लेखी देते आहे. झाडांच्या खास पॅकेजमध्ये काय येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे : जाळीची गाडी, त्याच दिवशी पोहोच, वाटेत एकदा पाणी. त्याचे वेगळे 4,500 रुपये मी आगाऊ भरले.

कुंड्या 6 मे रोजी सकाळी सांगलीच्या गावभागातून निघाल्या आणि 10 मेच्या दुपारी पुण्यात आल्या. पाच-सहा तासांच्या रस्त्याला चार दिवस. तेही पत्र्याच्या बंद गाडीत, कपाट आणि गाद्यांच्या मागे. दार उघडल्यावर गरम वाफ तोंडावर आली. मोगऱ्याची पानं बोटांत चुरली. मातीत बोट घातलं तर आतपर्यंत कोरडी. पाणी एकदाही घातलेलं नव्हतं.

आजच्या फोनवर तुमचे अधिकारी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुम्ही वाचायलाच हवं. आधी म्हणाले, "मॅडम, फर्निचरला काही झालंय का?" मी म्हटलं, नाही. "मग तक्रार कसली?" मी झाडांचं सांगितलं. म्हणाले, "जिवंत वस्तूंची जबाबदारी कंपनी घेत नाही." मी विचारलं, मग झाडांचे म्हणून 4,500 रुपये कशाचे घेतलेत? त्यावर मागे कुणाशी तरी बोलले, हसण्याचा आवाज आला, आणि मला म्हणाले, "अहो, झाडंच आहेत ना? कुठल्याही नर्सरीत दोनशे रुपयांना मिळतील. तुमच्यासाठी फार तर पुढच्या बुकिंगला दहा टक्के सूट टाकतो." मी एकसष्ट वर्षांची आहे. आता मी कुठलं पुढचं बुकिंग करणार? आणि कुणाच्या मेलेल्या झाडावर हसतं का कुणी?

नर्सरीत काय मिळत नाही ते सांगते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फुटांची. आमच्या परसात कमरेच्या वर पाणी होतं. ओसरल्यावर चिखल उपसला तेव्हा सोनचाफा गेलेला, लिंबू गेलेलं, गुलाब तर सापडलेच नाहीत. सासूबाईंनी लावलेला अनंत मात्र उभा होता, काळा पडलेला. दीड महिन्यानं त्याला पालवी फुटली. सासूबाईंना मी हाताला धरून नेऊन ती दाखवली. त्यांनी परसात येऊन पाहिलेली ती शेवटची.

घर विकायचं ठरल्यावर झाड काही नेता येणार नव्हतं. म्हणून मागच्या पावसाळ्यात मी त्याची पाच गुटी कलमं बांधली. फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं आणि मुळं दिसेपर्यंत दीड-दोन महिने थांबायचं. पाचही जगली. बाकी बाग वाटून टाकली. गवती चहा आणि कढीपत्त्याची रोपं शेजारच्या वहिनींना, जास्वंदी देवळात, ब्रह्मकमळ मागच्या काकूंना. निघायच्या दिवशी सकाळी अनंताला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि तुझी पोरं घेऊन जातेय म्हणून सांगितलं. वहिनींनी माझी ओटी भरली. गाडी सुटेपर्यंत मी रडले नव्हते.

आता ते झाडही नाही. नव्या मालकांना इमारत बांधायची आहे, 20 मेला जेसीबी लावून परस साफ केलं. त्यांची चूक नाही, जागा त्यांची. पण तुमच्या गाडीत ठेवलेली पाच कलमं एवढंच त्या झाडाचं उरलं होतं. त्यांतली चार वाळून गेली. चार दिवसांत कुणी तांब्याभर पाणी घातलं असतं तरी जगली असती.

तुमच्या कंपनीवर विश्वास ठेवला, कारण माझ्या बहिणीचं सामान तुम्ही नीट पोहोचवलं होतं. मीच आणखी दोघींना तुमचं नाव सुचवलं. त्याची आता लाज वाटते.

मला 4,500 रुपये परत हवेत, झाडांची भरपाई हवी, गाडी चार दिवस कुठे उभी होती याचं लेखी उत्तर हवं आणि त्या अधिकाऱ्यांनी माफी मागायला हवी. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते तिथंच, म्हणजे पुण्यातच, दावा लावता येतो आणि माझ्या रकमेला शुल्कही लागत नाही. पावती, कुंड्या चढवतानाचे आणि उतरवतानाचे फोटो जोडले आहेत.

सवलतीचं कूपन पाठवू नका. पाचवं कलम मी गॅलरीत सावलीला ठेवलं आहे. खोडाला नखानं खरवडलं तर आत अजून हिरवं आहे.

आपली,
एक ग्राहक, पूर्वीची राहणार गावभाग, सांगली