शैलास, पत्र्याच्या हंगामाआधी

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. या हंगामात चार बायकांना छपराचे पत्रे बसवायच्या कामावर, तेही वर चढून, घ्यायचं तू आणि भावोजींनी ठरवलंत हे वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. उत्तर लांबणार आहे, तेव्हा निवांत वाच.

आधी एक गोष्ट भावोजींना सांग. बायका या कामात नव्याने येत नाहीयेत. आपल्याकडे स्लॅब पडतो त्या दिवशी घमेली वर नेणाऱ्या बायकाच असतात. पत्रे टेम्पोतून उतरवणं, दोर ओढणं, खाली पडलेले स्क्रू वेचणं, सगळं त्याच करतात. त्या अडतात ती एकाच पायरीवर, स्क्रू मारायचं मशीन म्हणजे ड्रायव्हर, आणि मापाची टेप हातात यायच्या जागी. तिथून पुढे मिस्त्रीची हजेरी सुरू होते आणि तिथवर बाईला येऊच दिलं जात नाही. वीस वर्षं साइटवर काढूनही तिची वहीतली नोंद 'बिगारी' अशीच राहते. म्हणून तुझं काम त्यांना साइटवर आणायचं नाही, ड्रायव्हर त्यांच्या हातात द्यायचं आहे.

ताकदीचा मुद्दा निघेलच. ०.५० मिलिमीटर जाडीचा, १२ फुटी रंगीत पत्रा १७-१८ किलो भरतो, साडेसोळा फुटी असला तर २४ किलोच्या आसपास. तो तसाही दोघांनीच उचलायचा, कारण एकट्याच्या हातात तो मधोमध वाकतो आणि कडेला पोचा पडतो. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकट्याने उचलायच्या वजनाला पुरुषासाठी ५५ आणि बाईसाठी ३० किलोची मर्यादा घातली आहे. दोघींनी धरलेला पत्रा त्यात सहज बसतो. पत्र्याच्या कामात खरा धोका वजनाचा नाही, वाऱ्याचा. झुळूक आली की तोच पत्रा शिडासारखा फुगतो आणि धरणाऱ्याला ओढत नेतो. तिथे दंडातली ताकद बाईची असो की पुरुषाची, पुरत नाही. वारा सुटला की काम थांबवायचं आणि वर सुटे पत्रे ठेवायचे नाहीत.

आता शिकवण्याचं. पहिला आठवडा कुणालाच वर चढवू नकोस. वर्कशॉपच्या अंगणात कमरेइतक्या उंचीवर अँगलची चौकट करून तीन पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या, टाका, त्यावर चार-पाच रद्दी पत्रे. प्रत्येकीने त्यात निदान शंभर स्क्रू मारले पाहिजेत. छपराचं सगळं आयुष्य त्या स्क्रूवर आहे, म्हणून याच्यावर जरा थांबते. आपला सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणारा स्क्रू ५.५ मिलिमीटरचा, डोकं ८ मिलिमीटरच्या सॉकेटचं, खाली रबराचा वॉशर. पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा तर लांबी ५५ मिलिमीटर तरी लागते. स्क्रू काटकोनात धरायचा, सुरुवातीला हलका दाब आणि टोक लोखंडात शिरल्यावर तेवढाच कायम ठेवायचा. वॉशरचं रबर वरच्या टोपीच्या कडेला येऊन किंचित फुगलेलं दिसलं की हात काढायचा. रबर बाहेर पसरलं तर जास्त आवळलं: उंचवटा दबतो, तिथे पाणी साचतं आणि फाटलेलं रबर दोन उन्हाळ्यांत चिरतं. वॉशर बोटाने फिरला तर कमी आवळलं, पहिल्याच पावसात थेंब येणार. वेग मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आत ठेवायचा. साधं ड्रिल त्याहून जोरात फिरतं, टोक जळतं आणि मग स्क्रू शिरतच नाही. इम्पॅक्टचं, म्हणजे ठोके देत फिरणारं मशीन नवशिक्याच्या हाती देऊ नकोस, त्याने डोकं तुटतं. क्लच असलेला, बॅटरीसकट दीड-दोन किलोचा ड्रायव्हर घे. लहान पंजाला त्याची मूठ बसते का, ते दुकानातच प्रत्येकीने धरून बघायचं.

संध्याकाळी पत्र्यावरचा लोखंडी कीस झाडायचा, मऊ झाडूने, त्याच दिवशी. रात्रीच्या दवाने तो गंजतो आणि रंगावर तांबडे ठिपके उठतात, ते पुढे पत्रा खातात. आणि शैला, हे झाडणं बायकांच्या गळ्यात पडू देऊ नकोस. ज्याने स्क्रू मारले त्याने झाडायचं, असा नियम पहिल्या दिवशीच सांग. असल्या बारीक गोष्टींतूनच 'मिस्त्री कोण आणि मदतनीस कोण' हे ठरत जातं.

दुसऱ्या आठवड्यात लावण्याचा क्रम. वळवाचा वारा कुठूनही उठतो, पण पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे तो पश्चिमेचा. म्हणून पूर्वेच्या टोकाने सुरुवात करून पश्चिमेकडे सरकायचं. पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि जोडाची उघडी कड वाऱ्याला पाठमोरी राहते. उलट लावलं तर पाऊस जोडातून आत मारतो आणि मग कितीही सिलिकॉन भरलं तरी थांबत नाही. खालच्या कडेच्या आणि आढ्याकडच्या पर्लिनवर, तसंच दोन्ही टोकांच्या पत्र्यांना, प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. मधल्या पर्लिनवर एक सोडून एक. वारा छपराला कडेला आणि कोपऱ्यातच सगळ्यात जोराने वर उचलतो, पत्रे उडायला सुरुवात तिथूनच होते. हे कारण त्यांना समजावून सांग. नुसतं 'इथे मार, तिथे मार' सांगितलं तर त्या कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतील.

पहिलं खरं काम गुऱ्हाळाच्या शेडचं घे. गळीत हंगाम उतरला की काहिलीच्या वाफेने आणि धुराने खाल्लेले पत्रे बदलायला मालक घाई करतात, आणि या शेड बेताच्या उंचीच्या असतात. पण जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे किंवा उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे असतील तर तिथे फळी टाकल्याशिवाय कुणीही पाय ठेवायचा नाही. आपल्याकडे एक घातक सवय आहे: 'ती हलकी आहे, तिला चढव.' उन्हा-पावसाने कुजलेला सिमेंटचा पत्रा चाळीस किलोच्या माणसाखालीही आवाज न करता फुटतो. हलकी म्हणून बाईला पुढे करणं म्हणजे तिला खड्ड्यावर उभं करणं आहे. यावर भावोजींशी भांडायची वेळ आली तर भांड. आणि ते पत्रे कापायचे किंवा फोडायचे नाहीत, ओले करून अखंड उतरवायचे. त्यातली ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात कायमची बसते.

हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचा अंगभर पट्ट्यांचा साज. बाजारात मिळतो तो पुरुषाच्या छातीखांद्याच्या मापाचा. बाईला तो ढिला बसतो, छातीचा पट्टा खाली घसरतो, आणि पडली तर ती डोक्याकडून बाहेर निसटू शकते. तो पट्टा वर चढला तर गळ्याला लागतो. खांद्यापासून साधारण सहा इंच खाली तो स्थिर राहिला पाहिजे. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. लहान मापाचे मागव, चार बायकांना चार, सामाईक नकोत. साडीवर मांडीचे पट्टे बसूच शकत नाहीत. पँट आणि शर्ट, नाहीतर ओढणीशिवाय सलवार-कुडता. मंगळसूत्र छोटं करून आत घ्यायचं किंवा खाली डब्यात ठेवायचं, बांगड्या उतरवायच्या, अंबाडा मानेवर. घरून यावरच विरोध येईल. तेव्हा सासूबाईंना एकदा वर्कशॉपवर बोलाव, चौकटीवर हार्नेस घालून दाखव. पत्र्याच्या कडेत अडकलेली ओढणी काय करते हे डोळ्यांनी बघितलं की बोलावं लागत नाही.

दोर कुठे बांधता यालाही तितकंच महत्त्व. पर्लिनला नाही, पातळ पत्र्याचं पर्लिन झटक्याने पिळवटतं. छपर पेलणाऱ्या तिकोनी कैचीच्या वरच्या मुख्य दांड्याला, किंवा दोन कैच्यांमध्ये ताणलेल्या वायररोपला. आणि हा हिशेब कर: दोर १.८ मीटर, झटका शोषणारी घडी, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, उघडला की आणखी पावणेदोन, माणसाची उंची दीड, शिवाय एक मीटर मोकळं अंतर. सहा मीटर झाले. तुमची शेड १५ फूट उंच, म्हणजे साडेचार मीटर. त्या दोराने माणूस थांबायच्या आत जमिनीवर आपटेल. अशा ठिकाणी आखूड दोर लावायचा, कडेपर्यंत पोचताच येणार नाही इतकाच.

आता संडासाचं. तुझ्या पत्रात याचा शब्दही नव्हता. साइटवर सोय नसली की बायका पाणी पिणं बंद करतात. एप्रिलमध्ये पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. त्यात पाणी न पिता लघवी दाबून ठेवली की चक्कर येते, पुढे संसर्ग होतो. चक्कर आलेलं माणूस छपरावर असणं म्हणजे अपघातच. पत्र्याचंच काम करणाऱ्यांना चार बाय चार फुटांची, सात फूट उंच, आतून कडी असलेली, उचलून नेता येईल अशी खोली उरलेल्या पत्र्यातून करायला अर्धा दिवस पुरे. आत पाण्याचा ड्रम, झाकणाची बादली. काम सकाळी साडेसहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर. मात्र शेवटची एसटी बघून हात थांबवायचा, अंधारात फाट्यावर उभं राहायला लागलं तर तिसऱ्या दिवशी बाई येणार नाही.

पैशाचं स्पष्ट लिहिते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल नवऱ्याच्या नावावर. हीच रीत पत्र्याच्या कामात शिरली आहे. स्क्वेअर फुटावर अंगावर काम घेतलं की पैसे मुकादमाच्या हातात जातात आणि बाईचा वाटा कुणालाच दिसत नाही. तुझ्या वहीत प्रत्येकीचं स्वतंत्र नाव, त्या दिवशी केलेलं काम आणि हजेरी हवी. ज्या दिवशी तिने स्क्रू मारले त्या दिवशी स्क्रू मारणाऱ्याची हजेरी. समान कामाला समान मजुरी हे १९७६ पासून कायद्यात आहे. याच वहीवर दुसरीही गोष्ट अवलंबून आहे: बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६०. वहीत नवऱ्याचंच नाव असेल तर तिचे दिवस वाया जातात. आणि लैंगिक त्रास झाला तर जायचं कुठे हेही पहिल्याच दिवशी सांगून ठेव. दहापेक्षा कमी माणसं असली तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत.

टोळीतल्या पुरुषांना फार भाषण देऊ नका. 'ओढ', 'थांब', 'सोड' हे तीन शब्द सगळ्यांना सारखे, आणि हाक नावाने. 'ए बाई' बंद.

शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते माप. चौघींपैकी जिला हिशेबाची गोडी आहे तिला इस्टिमेट शिकव. ३० बाय ६० फुटांची दोन उतारांची शेड घे. अर्धी रुंदी १५ फूट, कडेपासून आढ्याची उंची ३ फूट, उताराची लांबी १५.३. खाली एक फूट बाहेर, म्हणजे साडेसोळा फुटी पत्रा. लांबीत दोन्हीकडे अर्धा फूट धरून ६१ फूट. पत्रा झाकतो एक मीटर, ३.२८ फूट. म्हणून एका बाजूला १९, दोन्हीकडे ३८. आता स्क्रू. एका उताराला पाच पर्लिन, पत्र्याला पाच उंचवटे: वर-खाली पाच-पाच, मधल्या तिन्हींवर तीन-तीन, पत्र्यामागे १९ स्क्रू. एकूण ७२२. टोकांच्या पत्र्यांचे जास्तीचे आणि नासधूस धरून ८००. जोडावरचे बारीक स्क्रू वेगळे. आढ्याचे आठ फुटी तुकडे सहा इंच जोड धरून नऊ. आठ घेतले तर अर्धा फूट कमी पडतो, आणि गडहिंग्लजहून एका तुकड्यासाठी कोल्हापूरला टेम्पो पाठवावा लागतो. हा हिशेब जिला आला तिला कुणी परत घमेल्याकडे पाठवू शकत नाही. गरोदरपणात वर चढणं बंद झालं तरी तिचं काम चालू राहतं. आयटीआयमधून वेल्डर, फिटर झालेल्या मुली तालुक्यात असतील, त्यांनाही विचार. झारखंडात शौचालयं बांधायला शिकलेल्या बायकांना लोक 'रानी मिस्त्री' म्हणायला लागले. आपल्याकडे पत्र्याच्या कामात तसं नाव अजून नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला अर्धी टोळी जाणार, आणि मग वळीव. हातात मार्च आहे. सेफ्टी शूज बायकांच्या मापाचे आयत्या वेळी मिळत नाहीत, मोठा बूट पत्र्यावर घसरतो. चौघींना कागदावर उभं करून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरव, प्रत्येकीचं नाव लिही आणि कागद पुढच्या आठवड्यात पाठव. बूट मी इथून घेते, हातमोजेही. छातीची आणि मांडीची मापं त्याच कागदाच्या मागे टाक.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अलका