बातमी खरी, पण अर्धी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनाचा कर्करोग आता रक्ताच्या एका थेंबातून कळणार, अशा अर्थाची, मायक्रोआरएनए नावाच्या पेशींतल्या चिमुकल्या रेणूंवरची बातमी मागे आपल्या आरोग्य पुरवणीत आली होती. मी 22 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. चारच दिवसांनी एक बाई त्या बातमीचं कात्रण पर्समध्ये घालून आमच्याकडे आल्या. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, डाव्या स्तनात चार महिन्यांपासून गाठ. डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, सांगितलेली, पण सुई लागली की गाठ पसरते असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. म्हणाल्या, ‘‘ताई, ही मायक्रो का काय ती टेस्ट करा ना. सुई नको.’’ म्हणून हे पत्र लिहिते आहे.

शोध खराच मोठा आहे. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत हे रेणू सापडले, 1993 साली त्यांनी ते जगापुढे मांडलं आणि 2024 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जेमतेम 22 रासायनिक अक्षरांचा हा तुकडा. अमुक प्रथिन बनवा, असा जनुकाकडून निघालेला निरोप तो वाटेतच दाबतो. स्तनाच्या कर्करोगात मायक्रोआरएनए-21 बहुधा वाढलेला सापडतो आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनांचेच निरोप तो दाबतो.

पण बातमीत वाढणं आणि पसरणं एकच धरलं होतं, ते मला खटकलं. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने 2007 मध्ये दाखवलं, की एरवी न पसरणाऱ्या स्तनाच्या कर्कपेशींत मायक्रोआरएनए-10बी वाढवला तर त्या उंदरांत फुप्फुसापर्यंत पोचतात. 2010 मध्ये त्याला अडवणारा रेणू उंदरांना टोचून पाहिला. फुप्फुसातल्या गाठी खूपच कमी झाल्या, पण स्तनातली मूळ गाठ होती तेवढीच राहिली! बाईचा जीव जातो तो बहुतेकदा रोग फुप्फुसात, यकृतात, हाडांत, मेंदूत पोचल्यामुळे. म्हणून हा फरक छापायलाच हवा होता.

बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनचा काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगत ठेवायचा, अलगद स्लाइडवर उचलायचा, हे माझं रोजचं काम. त्यावर ई-कॅडहेरिन या प्रथिनाची तपासणी लावली की निरोगी दूधनलिकेत पेशीपेशीभोवती तपकिरी रेघ उमटते, मधाच्या पोळ्यासारखी. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा हा डिंक. मायक्रोआरएनए-200 चं कुटुंब हा डिंक घटवणाऱ्या प्रथिनांना दाबून धरतं. ते कमी पडलं की पेशी सुट्या होऊन वाट काढू लागतात. मात्र उंदरांवरच्याच प्रयोगांत असंही दिसलं, की दूरच्या अवयवात पोचलेल्या पेशींना तिथे बस्तान बसवायला हेच कुटुंब मदत करतं. मग कुठल्याही मायक्रोआरएनएला सरसकट ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ कसं म्हणायचं? औषधाचंही तसंच. मायक्रोआरएनए-34ए ची नक्कल करणारं कर्करोगावरचं औषध माणसांवरच्या चाचणीत होतं, पण प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

आता रक्ताच्या थेंबाविषयी. मायक्रोआरएनए रक्तात सापडतात, हे खरं. पण लाल पेशींतही ते असतात. नमुना घेताना त्या पेशी फुटल्या, सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव) गुलाबी झालं, की काही मायक्रोआरएनएंचे आकडे वर जातात. असं गुलाबी सीरम आम्ही रोज बघतो. कर्करोगात रक्तातले कुठले मायक्रोआरएनए बदलतात, याच्या वेगवेगळ्या संशोधकांच्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. स्तनातली गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे आजही बायोप्सीच ठरवते आणि सुईच्या तपासणीमुळे रुग्णाचं आयुष्य घटतं, असं कुठे दिसलेलं नाही.

मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखांवर स्त्रियांचा 20 वर्षं अभ्यास केला. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तन तपासत होत्या. 2021 मध्ये निष्कर्ष आले. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर मृत्यूंमधली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. आमच्याकडे आलेल्या बाई याच वयाच्या. त्यांच्या हातात या निकालाचं कात्रण असतं तर!

पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, एवढं पहिल्या परिच्छेदात लिहा. आणि शेजारी ठळक चौकट टाका: गाठ हाताला लागत असेल तर कुठल्याही नव्या टेस्टसाठी थांबू नका, बायोप्सी करून घ्या.

त्या बाईंना आमच्या डॉक्टरांनी तासभर समोर बसवून समजावलं. गेल्या मंगळवारी त्या बायोप्सी करून गेल्या. ब्लॉक मीच कापला.

कळावे,
आपली एक वाचक,
सांगली