थंडावा तुटतो तो दारात

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

नाशवंत मालाच्या नासाडीचा विषय निघाला की आणखी शीतगृहे बांधावीत ही मागणी सर्वांत आधी पुढे येते. ती चूक नाही. पण तिच्यामुळे सगळा हिशेब साठवणुकीच्या टनांत मांडला जातो आणि तोडणीपासून ग्राहकापर्यंत माल किती तास उबेत राहिला, हे कोणी मोजत नाही. पुरेशा शीतकरणाअभावी २०१७ मध्ये जगातील अन्न-उत्पादनापैकी सुमारे १२ टक्के, म्हणजे ५२ कोटी ६० लाख टन, वाया गेले, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या आणि अन्न व कृषी संघटनेच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. केवळ खोल्या कमी पडल्या म्हणून एवढे नुकसान झाले, असे मला वाटत नाही.

तोडल्यानंतरही फळ-भाजीचे श्वसन चालूच असते आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्याचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणूनच पहिले काही तास निर्णायक असतात. शेतातील उष्णता मालातून तिथेच, गार पाण्याने किंवा क्रेटमधून जोराने खेचलेल्या गार हवेने, काढून टाकणे म्हणजे पूर्वशीतकरण. ही पायरी खर्च वाचवण्यासाठी गाळली जाते आणि उन्हातला माल थेट शीतवाहनात चढवला जातो. वाहनातील यंत्र मात्र आधीच गार झालेल्या मालाचा थंडावा टिकवण्यापुरते बनवलेले असते. गरम माल गार करण्याइतकी ताकद त्यात नसते. त्यातच थप्पी छताला भिडवली तर हवा फिरायला जागा उरत नाही आणि चालकासमोरचा आकडा ४ अंश दाखवत असताना मधल्या क्रेटमधला माल उबत राहतो. (कागदोपत्री अर्थातच सारे व्यवस्थित असते.) डिझेल वाचवण्यासाठी वाटेत यंत्र बंद ठेवून मुक्कामाजवळ पुन्हा सुरू केले, तरी उतरवताना कोणाला पत्ता लागत नाही.

‘जितके थंड तितके चांगले’ हा समजही तितकाच घातक आहे. पालेभाजीला शून्याच्या आसपासचे तापमान आणि भरपूर आर्द्रता मानवते. केळी १३ अंशांखाली गेली तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. शिवाय पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. एकाच गाडीत सगळे भरून वाहतुकीचा खर्च वाचतो, पण तो पुढे नासाडीतून वसूल होतो.

खरी गळती होते ती माल हातातून हातात जाताना. गाडी आणि शीतगृह यांच्यामधला उघडा फलाट, उतरवून घेणाऱ्यांची वाट पाहत सताड उघडे राहिलेले दार, बाहेरच्या दमट हवेत आणलेल्या गार मालाला फुटणारा घाम आणि त्या ओलाव्यावर धरणारी बुरशी, यांवर उपाय महागडे नाहीत: झाकलेला फलाट, दाराला हवेचा पडदा, गाडी येण्याची ठरलेली वेळ. वीज बेभरवशाची असेल तिथे वितळताना थंडावा देणारी शीतसंचयक द्रव्ये काही तास तग धरतात.

तरीही जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय यातले काही टिकणार नाही. माल खराब निघाला की शीतगृहवाला वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार पाठवणाऱ्याकडे, आणि तोटा बहुधा उत्पादकाच्याच पदरी पडतो. म्हणून प्रत्येक खेपेत, क्रेटच्या मधोमध, तापमान नोंदवणारे उपकरण असावे. ताबा बदलताना ती नोंद दोघांनी तपासून सही करावी आणि ज्याच्या ताब्यात असताना मर्यादा ओलांडली गेली त्याने भरपाई द्यावी. शीतगृहांना आणि शीतवाहनांना सरकारी अनुदान मिळते तिथे त्याचा काही हिस्सा तरी या नोंदी सादर केल्यावरच देण्यात यावा, अशी माझी सूचना आहे.

आपला,
एक नियमित वाचक