पक्या, जिना काढून टाक

न्यूकॅसल,
१४ सप्टेंबर

प्रिय पक्या,

तुझ्या झाडावरच्या घराचा नकाशा मिळाला. झूम करकरून पाहिला. फोनवर बोललो तर तू मधेच तोडशील, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. रायवळ आंब्यावर दोन खोल्या, बाल्कनी, एसी, वर जकूझी आणि खालून चढायला लोखंडी गोल जिना. हौसेला मोल नाही, मान्य. पण मी जिन्यापाशीच अडलो. का ते सांगतो.

मागच्या महिन्यात आईला घेऊन ॲनिकला गेलो होतो. (लिहितात अल्नविक, म्हणतात ॲनिक. मी दोन वर्षं चुकीचं म्हणत होतो आणि एकाही इंग्रजाने सुधारलं नाही. सभ्यता!) इथून उत्तरेला गाडीने पाऊण तास. तिथे किल्ल्याशेजारी मोठी बाग आहे, आणि बागेच्या तटाबाहेर जगातल्या सर्वांत मोठ्या ट्रीहाउसपैकी एक. जानेवारी २००५ मध्ये उघडलेलं, ६,००० चौरस फुटांचं. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटसारखे आठ फ्लॅट त्यात बसतील. ते १६ लाइमच्या झाडांमध्ये आहे असं वाचलं होतं, म्हणून आई वर बघत लिंबं शोधत होती. हे लाइम वेगळंच, लिंबाशी काही नातं नाही. उंचच उंच झाड, पानं पिंपळाच्या धाकट्या भावासारखी.

आईला आता चार पावलांपलीकडे व्हीलचेअर लागते, तुला माहीत आहेच. मी मनाशी ठरवलं होतं, आपण खालूनच फोटो काढू, चहा पिऊ, परत येऊ. तर तिथे खालून वर लाकडी उतार गेलेला, रुंद आणि संथ. कुठेही ‘तुमच्यासाठी मागचा दरवाजा’ असला प्रकार नाही. पोरं, बाबागाड्या, म्हातारे, सगळे त्याच वाटेने. पुढे झाडांच्या फांद्यांमधून गेलेले दोराचे झुलते पूल, आणि त्यांवरही व्हीलचेअर जाते! मी ढकलतोय, खालच्या फळ्या खडखडताहेत, पूल डुलतोय आणि आईने दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरलेली. ‘हळू रे, हळू!’ पलीकडे पोचल्यावर पदर सारखा केला, मागे वळून बघितलं आणि म्हणाली, ‘परत एकदा.’ तीन वेळा नेलं. माझे दंड भरून आले.

आत जेवणघर आहे. मधोमध शेकोटी आणि जमिनीतून वर आलेले जिवंत बुंधे. आई जेवण येईपर्यंत शेजारच्या खोडाची साल बोटाने चाचपत बसली होती. शेवटचं झाडावर कधी गेली होती विचारलं, तर म्हणाली, लग्नाआधी, माळ्यावर पाखरं हाकायला.

आता तुझं काम. एक गोष्ट मी नीट निरखली. एवढा डोलारा झाडांच्या जिवावर नाही, खाली लाकडी खांबांचं जंगल आहे. झाडं घरातून जातात, घर झाडांवर लादलेलं नाही. तुझ्या नकाशात सगळा भार फांद्यांवर आहे आणि बुंध्याला लोखंडी पट्टा आवळलाय. तो पट्टा आधी काढ. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या लगेच आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं; बुंधा जाड होत गेला की पट्टा रुततो आणि गळफास बसतो. फरशीतही बुंध्याभोवती वीतभर मोकळी जागा ठेव, झाड वाऱ्यात हलणारच. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तुझी किती कलमं आडवी झाली ते मी तुला सांगायला नको. घर स्वतःच्या पायांवर उभं असलेलं बरं.

खांब मात्र थेट मातीत पुरू नकोस, वाळवी वर्षभरात हिशेब करेल. चिऱ्याचा किंवा सिमेंटचा चौथरा घालून वर घे. ॲनिकला कॅनडाचं सीडर आणि पाइन वापरलंय, त्या लाकडाच्या मोहात पडू नकोस. आपल्याकडचा साग किंवा ऐन बरा. जकूझीचं काय ते तू आणि तुझी बायको बघा. दोन टन पाणी वर ठेवायचं असेल तर इंजिनिअरला विचार, मला नको.

राहिला जिना. काकूंच्या गुडघ्यांना तो गोल जिना या जन्मी चढवणार नाही. उतार करायचा तर व्हीलचेअरला दर बारा फुटांमागे एक फूट चढ, यापेक्षा तीव्र नको. म्हणजे तुझ्या माडीच्या दहा फूट उंचीला १२० फूट लांब उतार. तेवढ्यात अर्धी बाग जाईल, म्हणून मीही आधी हात टेकले होते. पण परवा रात्री तुझ्या घराचा जुना फोटो पाहत होतो. तुमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, वरच्या टप्प्यावर आणि तो रायवळ खालच्या टप्प्यात, बांधाला लागूनच. म्हणजे खळ्याची पातळी आणि तुझ्या माडीची पातळी जवळपास एकच! चढायचं कशाला? खळ्यातून सरळ पूल टाक. दोन्ही बाजूंना कंबरभर कठडा, फळ्यांत बोटभर फट पाणी जायला. काकू सकाळी चहाचा कप हातात घेऊन घरातून थेट आंब्यात.

पोरांना चढायला दोराची शिडी लाव हवी तर, त्यांना पूल मिळमिळीत वाटेल.

खळ्याच्या कडेपासून बुंध्यापर्यंत अंतर किती आणि उंचीत फरक किती, मोजून कळव. पाण्याची पातळी-नळी वापर, नजरेने नको, तुझी नजर मला दहावीपासून माहीत आहे. टेपचं दुसरं टोक काकूंना धरायला दे.

तुझा,
विन्या