अॅडव्हान्स देऊ नको, आधी हे वाच

मानेवाडा, नागपूर

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज काल रात्री पाह्यला, तुझ्या मारुती जिप्सीखाली टाकायला म्हणतो त्या जुन्या डॅना ४४ नावाच्या भारी एक्सलच्या (पुढचा-मागचा) जोडीचे फोटोपण पाह्यले, आणि खरं सांगतो झोपच नाही आली बे. उद्या पैसे पाठवून राहिला म्हणे तू. नको पाठवू. फोनवर तू मधातच बोलतो अन् मुद्दा राहून जातो म्हणून लिहूनच काढतो, सावकाश वाच.

तू एक्सलपासून सुरुवात करून राहिला, करायला पाहिजे टायरपासून. जिप्सीचे मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे उंची साधारण २६.३ इंच. तुला ३१ इंची मड टायर टाकायचे. डिफचा गोळा, म्हणजे एक्सलवरचा गिअरांचा फुगीर भाग, जमिनीपासून वर जातो तो फक्त टायरने, पाटे उंच करून नुसती बॉडी वर जाते, गोळा तिथेच लटकत राहतो. ३१ टाकले की सव्वादोन इंचाहून जास्त मिळतात. आता ४४ ची क्राऊन, म्हणजे गोळ्यातलं मोठं दातेरी चाक, साडेआठ इंचाची, गोळा तेवढा मोठा, म्हणजे टायरने कमावलेलं त्यातच थोडं परत जाणार. वरून वजन. अरे जिप्सी जेमतेम टनभराची गाडी, आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात भारी गाड्या पोटावर बसतात तिथून ती वरच्यावर निघून जाते, तिची सगळी ताकद याच्यातच आहे आणि तू तिच्या पायात लोखंड बांधून राहिला.

मग काही करायचंच नाही का, तर करायचं आहे, आणि नीट करायचं आहे. टायर १८ टक्के उंच झाला की पकड असलेल्या जागी चाक फिरवणाऱ्या शाफ्टवरचा पीळपण तेवढाच वाढतो. आणि लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारं डिफ, टाकला तर अजून वेगळंच. साध्या डिफमध्ये एक चाक फिरलं की दुसऱ्यालापण तेवढाच कमी जोर मिळतो, गाडी अडकते पण शाफ्ट वाचतो. लॉकरमध्ये एक चाक हवेत गेलं तर सगळा जोर एकट्या दुसऱ्या शाफ्टवर. म्हणून लॉकर घेणाऱ्याने शाफ्टचे पैसे आधी बाजूला ठेवावे, हे माझं ठाम मत आहे.

तुला मागच्या पावसाळ्यातलं पूर्ण सांगितलंच नाही. कळमेश्वरकडच्या त्या शेतातल्या नाल्यात उजवं पुढचं चाक दोन काळ्या दगडांत फसलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, चाक गाऱ्यात गरगर फिरत होतं आणि मी ॲक्सिलरेटर सोडला नाही, तेवढ्यात टायरने दगड पकडला अन् कडाक् आवाज. घरी आणून नकल, म्हणजे पुढच्या चाकामागचा वळणारा भाग, उघडलं तर बर्फील्ड गेलेला, म्हणजे चाक वळलं तरी जोर पोचवणारा तो सहा गोळ्यांचा जॉइंट. ग्रीस राखाडी झालेलं, बोटात घेतलं तर रेतीसारखं करकर लागे, पिंजऱ्याचे तीन तुकडे, आणि बाहेरच्या कपाला तडा. त्या तड्याचा अर्धा भाग काळा पडलेला होता आणि अर्धा पांढरा चकचकीत. गॅरेजचे उस्ताद म्हणाले, काळा भाग जुना आहे, हा आधीपासून चिरलेला होता, त्या दिवशी फक्त पूर्ण झाला. मी ते तुकडे डब्यात ठेवले आहेत, तू आला की दाखवतो. क्राऊनला काही झालं नाही, हाऊसिंगला, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या लोखंडी खोळीला, काही झालं नाही. मोडला तो जॉइंट, आणि तू हाऊसिंग बदलायला निघाला!

म्हणून माझं म्हणणं, ३१ पर्यंत जिप्सीचंच हाऊसिंग ठेव, पुढे क्रोमोलीचे (मजबूत मिश्र पोलादाचे) शाफ्ट आणि बर्फील्ड, मागे लॉकर आणि मागचेपण शाफ्ट चांगले. हिंगणा एमआयडीसीत लेथवाल्याकडून बनवायचे तर ईएन २४ पोलाद सांगायचं, तेच अमेरिकन नंबरात ४३४०. ईएन ८ च्या साध्या पोलादात नुसतं टर्निंग करून देतो म्हणणाऱ्याकडे जायचं नाही, आणि हीट ट्रीटमेंट कुठे करणार ते विचारायचंच, त्याच्याशिवाय भारी मटेरियलचा उपयोग नाही. मागचा एक्सल सेमी फ्लोटिंग आहे हे पण डोक्यात ठेव, तिथे शाफ्ट गाडीचं वजनपण झेलतो, तो बाहेरच्या टोकाला तुटला तर चाक बाहेर येऊ शकते. फुल फ्लोटिंगमध्ये वजन हबच्या बेरिंगवर असते, शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. तू पुढेमागे ३३ वर गेला तर मग मोठं हाऊसिंग घेऊ, आणि तेव्हा मी स्वतः फुल फ्लोटिंगच शोधून देईन.

रेशोचं थोडक्यात, म्हणजे क्राऊनचे दात भागिले तिला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे दात. टायर मोठा झाला की गाडी मरगळते, ते भरून काढायला क्राऊन-पिनियन बदलता येते, पण रेशो जेवढा वाढवशील तेवढी पिनियन बारीक होते अन् दात कमी होतात, म्हणून हावरटपणा नको.

आणि एवढं सांगूनही तुला ती जोडी पाहायचीच असेल तर जाऊन पाह्य, फोटोवर नाही. तेल काढून हातावर घे, चमकी दिसली की परत ये. क्राऊनचे दात मोजून त्याला पिनियनच्या दातांनी भागून पाह्य, पुढचा-मागचा रेशो सारखा आला पाहिजे, नाहीतर फोर बाय फोरमध्ये टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात अन् जोर पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस मरते. ट्रान्सफर केसमधून पुढे जाणारा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, पुढच्या एक्सलचा गोळा त्याच बाजूला आहे का ते बघ. हाऊसिंग वाकलेलं आहे का ते नुसतं पाहून कळत नाही, नीट मोजून घ्यावं लागते. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नको, आरसीत जे लिहिलं त्यात बदल केला तर पुढे पासिंगला अडचण होते, आपली गाडी एमएच ३१ ची आहे, अजून बरीच वर्षं चालवायची आहे आपल्याला.

मी रविवारी तुझ्या गाडीचे पुढचे दोन्ही नकल उघडून जॉइंट पाहून घेतो, शाफ्टची लांबी अन् टोकाच्या खाचा (स्प्लाइन) मोजून फोटो पाठवतो, सोमवारी तेच घेऊन हिंगण्याला जातो. तू फक्त एवढं कळव, टायर ३१ चेच ना?

तुझाच