फायरवॉलमधील मेथडची यादी निविदेतच मागवावी

संपादक महोदय,

शासकीय संकेतस्थळांचे सुरक्षा परीक्षण ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीवरील संस्थांकडून करून घेतले जाते. अशा परीक्षणात अनावश्यक एचटीटीपी मेथड (सर्व्हरने काय करावे हे सांगणारे विनंतीचे प्रकार) चालू असल्याचा शेरा आला, की तो निघावा म्हणून वेब ॲप्लिकेशन फायरवॉलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाकडे येणाऱ्या विनंत्या तपासून अडवणाऱ्या यंत्रणेत, गेट (माहिती मागणे) आणि पोस्ट (माहिती पाठवणे) वगळता सारे सरसकट बंद करण्याकडे अनेकांचा कल असतो. ही घाई योग्य नाही.

मॉडसिक्युरिटी या फायरवॉलबरोबर वापरल्या जाणाऱ्या, ओवास्प या सुरक्षाविषयक संस्थेच्या कोअर रूल सेट या नियमसंचात मूळची परवानगी गेट, हेड, पोस्ट आणि ऑप्शन्स या चारच मेथडना आहे. यादीबाहेरची मेथड आली, की ९१११०० क्रमांकाचा नियम त्या विनंतीवर धोक्याचे ५ गुण चढवतो, आणि अडवण्याची मूळ मर्यादाही ५ च असल्यामुळे ती ४०३ (परवानगी नाही) या उत्तरासह परत जाते. केवळ फॉर्म भरून घेणाऱ्या संकेतस्थळाला एवढे पुरते. परंतु जिथे नोंद दुरुस्त करण्यासाठी पुट किंवा पॅच आणि काढण्यासाठी डिलीट वापरले आहे, तिथे नागरिकाला स्वतःचा पत्तासुद्धा बदलता येत नाही. मग तक्रारी वाढतात आणि कंत्राटदार संपूर्ण फायरवॉलच ‘फक्त नोंद घ्या, अडवू नका’ या अवस्थेत टाकून मोकळा होतो. त्याहून वाईट पळवाट म्हणजे गेटच्या साध्या दुव्यावरच नोंद पुसण्याची सोय करणे. असा दुवा उघडा राहिला, तर सर्च इंजिनाचा बॉटही तो उघडून नोंदी पुसू शकतो.

आलेली विनंती जशीच्या तशी परत पाठवणारी ट्रेस ही मेथड बंदच असावी, याबद्दल दुमत नाही. ऑप्शन्सचे तसे नाही. दुसऱ्या डोमेनवरील सेवेला विनंती करण्यापूर्वी ब्राउझर अनेकदा तिच्याच साहाय्याने परवानगी विचारतो. पुटच्या बाबतीत मात्र भीती रास्त आहे. २०१७ मध्ये विंडोजवरील टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये, लेखनबंदीची सेटिंग काढलेली असल्यास, पुटद्वारे जेएसपी फाइल (सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) चढवून ती सर्व्हरवर चालवता येत असल्याचे उघड झाले होते. म्हणूनच पुटला परवानगी द्यायची ती संपूर्ण संकेतस्थळावर नव्हे, तर ठरावीक एपीआयच्या (प्रोग्रामांनी एकमेकांशी देवाणघेवाण करण्याच्या सोयीच्या) मार्गांपुरतीच.

कोणत्या मार्गावर कोणती मेथड लागते, हे प्रणाली लिहिणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते. तेव्हा ही मार्गनिहाय यादी विकासकाने लेखी द्यावी, परीक्षकाने तिच्याशीच ताडून पाहावे आणि प्रणालीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती सुधारून घ्यावी, अशी अट संबंधित विभागांनी निविदेतच घालावी, ही विनंती.

– एक संगणक अभियंता, नाशिक